इथे कुलूप लागत नाही

त्या घरातलं सासूसुनेचं भांडण साऱ्या जगाला वाचता येत असे, घरच्यांच्या मात्र कानावर पडत नसे. कारण अगदी साधं होतं. दोघी एकाच पेशातल्या. संगणकात सगळ्या प्रोग्रामांच्या खाली जो गाभा असतो, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, त्याचं काम दोघी करायच्या. आणि कर्नलवाल्यांचा दंडक असा की कोडबद्दल जे काही बोलायचं ते यादीवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर, उघड बोलायचं. सासूबाईंनी हा दंडक घरातही आणला होता. जेवताना कोडचा विषय निघाला की त्या पाण्याचा पेला उचलून म्हणत, "यादीवर लिही." मग सून आपल्या खोलीत जाऊन लिहायची आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे सासूबाईंचा कीबोर्ड खडखडायला लागायचा. उत्तर यायचं ते "नमस्कार, आपल्या पत्राबद्दल आभार" असं. घरात अगंतुगं आणि यादीवर अहोजाहो. दातांचा डॉक्टर असलेला नवरा म्हणायचा, "आमच्या घरात काय चाललंय ते मला परदेशातल्या लोकांना विचारावं लागतं."

त्या सोमवारी यादीवर मेल टाकण्याआधी सून तीन वेळा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. सासूबाईंच्या फाईलमध्ये चूक सापडली होती.

फाईल म्हणजे साडेतीनशे ओळींचा एक ड्रायव्हर. सलाइनच्या पंपात थेंब मोजणारं कार्ड असतं, ते चालवणारा. सासूबाईंनी तो बावीस वर्षांपूर्वी लिहिला होता. कर्नलमधलं त्यांचं बाकी सगळं काम नव्या लोकांनी हळूहळू बदलून टाकलं होतं, आणि ते रीतीला धरूनच होतं. त्यांची म्हणावी अशी ही एकच फाईल उरली होती आणि तिची देखरेख अजून त्यांच्या नावावर होती. फाईलच्या मधोमध त्यांची एक टीप होती: "इथे कुलूप लागत नाही." बस्स, एवढंच. नव्या पोरांना ती टीप शिष्ट वाटायची. सुनेला फार आवडायची. आपल्यालाही कधीतरी इतक्या खात्रीने एक वाक्य लिहिता यावं, असं तिला पहिल्यापासून वाटत आलं होतं.

चूक उघडकीला आली ती एका लहान रुग्णालयातल्या नर्समुळे. पंप सांगत होता मिनिटाला चाळीस थेंब, तिने घड्याळ धरून मोजले तर वीस. मग पंप स्वतःच्याच आकड्याला घाबरून शिट्टी वाजवत बंद पडायचा. महिन्यातून एखाद वेळी, कधीही. पेशंटला काही झालं नाही, कारण ही बाई यंत्रापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारी होती. तिने तारीख-वेळेसकट अकरा नोंदी करून तंत्रज्ञाच्या हातात दिल्या आणि त्याने त्या यादीवर टाकल्या. सुनेने तसंच यंत्र मागवलं, शर्यती पकडणारं हत्यार त्याला लावलं आणि दोन दिवस ते चालू ठेवलं. हत्याराने नेमकं त्या टिपेखालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

शर्यत म्हणजे काय हे या घराला अनुभवाने माहीत होतं. सासरे निवृत्त मोजणीदार, त्यांना सकाळी रक्तदाबाची गोळी असते. एकदा सासूबाईंनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, खूण नव्हती, त्या पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात सुनेने तक्ता पाहिला, खूण नव्हती, तिने गोळी दिली. मग सासूबाईंनीही दिली. सासरे हातात येईल ते गिळणारे. दोन्ही गिळून ते दुपारभर गरगरत पडून राहिले. त्या दिवसापासून घरात एक स्टीलची वाटी ठरली. जिच्या हातात वाटी तिनेच तक्ता पाहायचा, तिनेच गोळी द्यायची, खूण करायची आणि मग वाटी खाली ठेवायची. वाटी जागेवर नसेल तर दुसरीने थांबायचं. कर्नलमध्ये या वाटीला कुलूप म्हणतात.

पंपातही तेच चाललं होतं. थेंब पडला की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, प्रोसेसर हातातलं काम टाकून मोजणीत एक मिळवतो. दुसरीकडे ठरावीक वेळाने मोजणी वाचून ती शून्यावर आणायची असते. यंत्रात एकच प्रोसेसर असेल तर शून्य करताना क्षणभर हाका बंद ठेवल्या की भागतं. सासूबाईंनी तसंच केलं होतं. पण प्रोसेसर दोन असतील, तर एकाने आपले कान झाकून काय उपयोग? हाक दुसऱ्याला जाते. तो वीस वाचतो, तेवढ्यात पहिला शून्य करतो, आणि दुसरा शांतपणे एकवीस लिहून मोकळा होतो. होऊन गेलेले वीस थेंब पुन्हा हजर.

यादीवर हे वाचून कर्नलच्या त्या विभागाच्या प्रमुखाचं उत्तर तासाभरात आलं. त्याला सगळे पाठीमागे कात्री म्हणत. त्याने लिहिलं: "रविवारी नवी आवृत्ती बंद करतोय, मग बदल घेणार नाही. तोवर मंजूर झालेली दुरुस्ती आली तर ठीक. नाही आली तर फाईल काढून टाकतो. जुनी आहे, वापरणारे मोजके आहेत."

म्हणजे त्या मोजक्यांचे पंप वाऱ्यावर, आणि सासूबाईंची बावीस वर्षं पुसून जाणार. ती फाईल वाचवायची तर ती चुकीची आहे असं जगासमोर लिहून द्यायला हवं होतं, आणि ते सुनेनेच लिहायचं होतं. कर्नलच्या प्रत्येक दुरुस्तीत एक ओळ घालावी लागते, तिला फिक्सेसची ओळ म्हणतात: हा दोष कुठल्या जुन्या बदलामुळे आला, त्याचं नावगाव. सुनेने सासूबाईंचा बावीस वर्षांपूर्वीचा बदल लिहिला, डोळे मिटले आणि पाठवून दिलं.

भिंतीपलीकडे कीबोर्ड वाजला तो बऱ्याच वेळाने.

"नमस्कार," सासूबाईंनी लिहिलं होतं, "आपण कुलूप घातलंत, पण हाका बंद करायचं काढून टाकलंत. कुलूप हातात असताना त्याच प्रोसेसरला हाक आली, तर तो ओ द्यायला जाईल आणि तेच कुलूप मिळायची वाट बघत कायमचा उभा राहील. पंप शिट्टीही वाजवणार नाही. नामंजूर. शिवाय वर्णनात काय बदललं ते आहे, का बदललं ते नाही. कारण लिहा."

सुनेचे कान लाल झाले. बरोबर होतं त्यांचं. स्वतःच्याच हातात वाटी धरून वाटी कुठे गेली म्हणून वाट बघत बसायचं, अशी चूक तिने दुसऱ्या कुणाच्या पॅचमध्ये, म्हणजे यादीवर पाठवलेल्या बदलात, झोपेतही पकडली असती. सासूबाईंना दुखवायच्या धास्तीने तिचं कामावरचं लक्षच उडालं होतं. बुधवारी तिने दुसरी आवृत्ती पाठवली, तीही परत आली. "कुलूप घेऊन गप्पा मारू नयेत. वेग मोजायचं गणित कुलपाच्या बाहेर करा. मोजणी घ्या, शून्य करा, निघा." कारण लिहा, हे वाक्य होतंच.

"तुझ्या सासूने तुला पुन्हा परत पाठवलं म्हणे," जेवताना सासरे म्हणाले. त्यांनाही ती यादी वाचायची खोड लागली होती, कळत काही नसलं तरी.

"यादीवर लिहा," सासूबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी तिसरी आवृत्ती गेली. कुलूप बरोबर, हाका बंद, गणित बाहेर, आणि तीन परिच्छेद भरून कारण. अकरा नोंदी करणाऱ्या नर्सचा उल्लेख वर ठळकपणे. सासूबाईंनी ती आपल्या जुन्या यंत्रावर दिवसभर चालवून पाहिली आणि संध्याकाळी उत्तर दिलं. त्यात "मंजूर" हा शब्द होता. त्याखाली एक ओळ होती: "फिक्सेसची ओळ बरोबर आहे. चूक माझी आहे."

सुनेला खरं म्हणजे नाचावंसं वाटायला हवं होतं. फाईल वाचली होती. बाईंच्या हातून मंजूर होणं म्हणजे काय ते यादीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी गोळीची वाटी उचलली, क्षणभर हातात धरली आणि सुनेपुढे केली.

"तूच देत जा आता."

"का हो आई?"

"बावीस वर्षं मी तिथे लिहून ठेवलंय, कुलूप लागत नाही. लोकांनी विश्वास ठेवला. आता माझं मलाच खात्रीचं वाटेनासं झालंय."

त्या इतकं बोलून गॅलरीत जाऊन बसल्या. एरवी सकाळी नऊच्या ठोक्याला कामाला बसणारी बाई कुंडीतली माती उगाच उकरत होती. सुनेने गोळी दिली, खूण केली आणि खोलीत येऊन मेल उघडली.

जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या माणसाचा प्रश्न आला होता. दुरुस्ती किती मागच्या आवृत्त्यांपर्यंत न्यायची? फिक्सेसच्या ओळीप्रमाणे बावीस वर्षं मागे जावं लागेल, तर निदान दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर दोष दाखवून द्याल का? रास्त प्रश्न होता. सुनेने दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती उतरवली, तेच दोन प्रोसेसरचं यंत्र लावलं आणि ड्रायव्हर बांधायला, म्हणजे त्या आवृत्तीवर चालेल असा तयार करायला घेतला.

तो बांधलाच जाईना. संगणक पुन्हा पुन्हा सांगत होता: हा ड्रायव्हर फक्त एका प्रोसेसरच्या यंत्रासाठी आहे.

तिला आधी वाटलं, आपलंच काही चुकतंय. तिने पुन्हा करून पाहिलं. मग सेटिंगची फाईल उघडली. तिथे सासूबाईंची अट स्वच्छ लिहिलेली होती, पहिल्या दिवसापासून: यंत्रात एकापेक्षा जास्त प्रोसेसर असतील तर हा ड्रायव्हर मिळणार नाही. म्हणजे टीप खरी होती. दार असं लावून घेतलं होतं की आत दुसरं कुणी येणारच नाही, म्हणून आत कुलूप लागत नव्हतं. एका अक्षराची चूक नव्हती बाईंची.

मग आजच्या कर्नलमध्ये ती अट कुठे गेली? कुणी काढली ते शोधायला एक आज्ञा द्यावी लागते. सुनेने ती दिली आणि पडद्यावर आलेलं नाव बघून ती खुर्चीत मागे टेकली. सात वर्षांपूर्वीचा बदल. नाव तिचं स्वतःचं.

तो बदल तिला पाठ होता. तिचा पहिला पॅच. समोरच्या भिंतीवर त्याची चौकट टांगलेली होती. पॅच नव्हे, त्याला आलेलं उत्तर: "स्वच्छ काम. मंजूर. आपण यंदाच्या संमेलनाला याल का? आपल्याला भेटायला आवडेल." ती संमेलनाला गेली, तिथे एक करारी बाई तिला भेटल्या, आणि चहाच्या वेळी त्यांना घरी न्यायला त्यांचा दातांचा डॉक्टर मुलगा आला. पुढचं सगळं त्यातूनच झालं. लग्नात त्याने तीच मेल छापून, चौकट करून तिला भेट दिली होती. ती या घरात आली ती या पॅचचा उंबरा ओलांडून, असं सासरे चारचौघांत सांगायचे.

आणि त्या पॅचमध्ये नवीन कार्डाच्या वीस-पंचवीस ओळींच्या मधोमध एक ओळ वजा केलेली होती. तिला ते आठवलं. तिचं यंत्र दोन प्रोसेसरचं होतं, ड्रायव्हर बांधला जात नव्हता, म्हणून तिने अट काढून टाकली. काढण्याआधी आत काही कुलूपबिलूप लागेल का म्हणून तिने बघितलंही होतं. तिथे लिहिलं होतं, इथे कुलूप लागत नाही. लिहिणारी बाई कोण हे ठाऊक असल्यामुळे तिने पुढे तपासलंच नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तपासलं असतं.

आता खरं सांगायचं तर कुणालाही कळायची गरज नव्हती. दुरुस्ती मंजूर झाली होती. दोष सासूबाईंनी आपल्या तोंडाने कबूल केला होता. जुन्या आवृत्त्यांवर न्यायची गरज नाही असं मोघम उत्तर दिलं असतं तरी तो माणूस खूश झाला असता. फाईल राहिली असती, चौकट राहिली असती. सुनेच्या मनात हे आलं, आणि आलं म्हणून तिला लाजही वाटली. गॅलरीतून माती उकरल्याचा आवाज येत होता.

तिने चौथी आवृत्ती लिहायला घेतली. कोडमध्ये काहीच बदललं नाही. बदलली फिक्सेसची ओळ, आणि वर्णन: "आधीच्या आवृत्तीत मी चुकीचा बदल नोंदवला. मूळ ड्रायव्हर पंधरा वर्षं निर्दोष होता. तो फक्त एका प्रोसेसरवर चालेल अशी अट त्याच्या लेखिकेनेच घातली होती, आणि त्या अटीखाली 'इथे कुलूप लागत नाही' हे विधान पूर्ण खरं होतं. सात वर्षांपूर्वी अट मी काढली, आणि कुलूप लागेल का ते तपासलं नाही. दोष माझ्या बदलाचा आहे. दुरुस्ती सात वर्षं मागे न्यावी, त्याच्या मागे गरज नाही." यादीवर हजारो माणसं होती. तिने एकदा चौकटीकडे पाहिलं आणि पाठवून दिलं. या खेपेला डोळे मिटले नाहीत.

मग ती गॅलरीत गेली. घरात कोडबद्दल बोलायचं नाही हा दंडक होता, म्हणून ती फक्त म्हणाली, "आई, मेल बघा."

सासूबाई हात न धुताच उठल्या. भिंतीपलीकडे तासभर अधूनमधून कीबोर्ड वाजत राहिला. त्या मेल वाचून समाधान मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी स्वतः जुनी आवृत्ती उतरवली, बांधून पाहिली आणि ती बांधली जात नाही हे डोळ्यांनी पाहिलं. सून दाराबाहेर उभी होती. तिला आतून हसू ऐकू आलं. मोठं नाही, नाकातल्या नाकात, पण हसूच. मग उत्तर आलं.

"नमस्कार. तपासलं. मंजूर. एक भर घाला: सात वर्षांपूर्वीच्या त्या पॅचवर मंजुरीची सही माझी आहे. मी कोडच्या ओळी पाहिल्या, सेटिंगच्या पाहिल्या नाहीत. अट माझीच होती आणि ती गेली तरी मला पत्ता नव्हता. हेही वर्णनात यायला हवं. देखरेख माझ्या नावावर आहे."

सुनेने भर घातली. रविवारी दुपारी कात्रीने पॅच घेतला. त्याच्याकडून एरवी "घेतला" एवढा एकच शब्द येतो. या वेळी खाली आणखी एक ओळ होती: "मी या फाईलबद्दल घाईने बोललो. वर्षानुवर्षं हे काम करतोय, चूक आपलीच म्हणून दोन माणसं अशी भांडताना पहिल्यांदा पाहिली." नवऱ्याने ती ओळ दवाखान्यात पेशंटला खुर्चीत आडवं करून वाचून दाखवली म्हणतात. पेशंटच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी तक्ता पाहिला, वाटी उचलली आणि गोळी स्वतः दिली. "खूण केलीय," त्या म्हणाल्या, आणि ठीक नऊला कामाला बसल्या. पाठ ताठ. सून ते बघत राहिली आणि तिला वाटलं, आपण या बाईच्या हाताखाली काम करतो हे कुणाला तरी ओरडून सांगावं. सांगायला सासरेच समोर होते. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

दहा वाजता यादीवर सासूबाईंचा पॅच आला. कर्नलमध्ये एक मोठी फाईल असते, तिच्यात कुठल्या कामाची देखरेख कोणाकडे ते लिहिलेलं असतं. त्यात थेंब मोजणाऱ्या ड्रायव्हरसमोर बावीस वर्षं एकच नाव होतं. सासूबाईंनी त्याखाली दुसरं जोडलं होतं, सुनेचं. अधिक एक ओळ, वजा काही नाही. तपासणीसाठी अर्थातच सुनेकडे पाठवलेला.

सुनेने तो उघडला आणि कितीतरी वेळ नुसती त्या अधिकच्या खुणेकडे बघत बसली. छाती भरून आली होती, डोळेही. मग तिने डोळे पुसले, आणि तिच्या लक्षात आलं की वर्णनाची जागा रिकामी आहे. बाईंनी काहीही लिहिलं नव्हतं. तिने क्षणभर विचार केला आणि लिहायला घेतलं.

"नमस्कार, आपल्या पॅचबद्दल आभार. काय बदललं ते दिसतं, का बदललं ते नाही. नामंजूर. कारण लिहा."

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. सासरे पेपर खाली ठेवून भिंतीकडे बघायला लागले. बऱ्याच वेळाने कीबोर्ड वाजला, सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिल्यासारखा. दुसरी आवृत्ती आली. तेच नाव, तीच अधिकची खूण, आणि वर्णनात एकच वाक्य:

"ही माझ्या चुका शोधते आणि स्वतःच्या लपवत नाही, मी नसेन तेव्हा ही फाईल तिच्या हाती असावी."

सुनेने लिहिलं, "तपासलं. मंजूर."